नाडी बघू नका, असं हैदराबादने सांगितलं होतं

भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. घशात नळी घालताना मात्र तोच दाब आणि हृदयाचे ठोके एकदम उसळतात. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनभर माझा एक डोळा या दोन आकड्यांवर असतो. पण हे आकडे बघायचे की नाही, यावरच एकेकाळी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याचं मैदान होतं हैदराबाद संस्थान, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता.

सुरुवात मात्र ब्रिटनमध्ये झाली. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणलं. २८ जानेवारी १८४८ ला न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना दगावली. क्लोरोफॉर्म देऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. आधी काय थांबलं, श्वास की हृदय? लंडनचा जोसेफ क्लोव्हर भूल देताना रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवायचा. एडिनबरोवाले म्हणायचे, श्वास बघा, तेवढं पुरे.

एडवर्ड लॉरी हा एडिनबरोच्या वळणाचा सर्जन हैदराबादच्या मेडिकल स्कूलचा प्रमुख होता. १८८८ मध्ये त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून जाहीर केलं की क्लोरोफॉर्मने हृदयाला थेट धोका नाही, आधी श्वासच थांबतो. 'लॅन्सेट'ला हे पटेना. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी १००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रन्टन हा नामांकित डॉक्टर आला. प्राण्यांच्या धमनीतला दाब फिरत्या कागदावर रेघांनी उमटवत शेकडो प्रयोग झाले. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या कामात होत्या. भारतातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला आणि ब्रन्टनलाही तो पटला.

तरीही माणसं टेबलावर मरतच राहिली.

कोडं सुटलं १९११ मध्ये. गुडमन लेव्हीने मांजरांना क्लोरोफॉर्मची हलकी भूल देऊन अॅड्रेनालिन टोचलं, तर हृदय नुसतं थरथरू लागलं आणि रक्त ढकलणंच बंद झालं. हैदराबादच्या रेघा खोट्या नव्हत्या. भूल वाढवत वाढवत जास्त डोस झाला, की श्वास आधी थांबतो हे खरंच. पण घाबरलेला माणूस टेबलावर आहे, भूल अजून हलकी आहे आणि सुरी लागली, तर शरीर स्वतःच अॅड्रेनालिन सोडतं. हॅनासारखे मृत्यू सुरुवातीलाच का व्हायचे, याचा उलगडा त्यात होता. नाडीवर बोट असतं तर सगळे वाचले असते असं नाही. पण 'बघूच नका' असं सांगितल्यावर धोक्याची खूण दिसणार तरी कोणाला?

तोवर दुसरीकडे बघण्याची सवय रुजत होती. १८९४ च्या सुमारास बॉस्टनमध्ये हार्वी कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन हे विद्यार्थी ईथर देताना नाडी आणि श्वासाचा तक्ता भरू लागले. १९०१ मध्ये कुशिंगने इटलीत पाविया इथे रिव्हा-रोचीचा दंडाला बांधायचा पट्टा पाहिला आणि तो अमेरिकेत नेला. आता धमनी न कापता रक्तदाब मोजता येऊ लागला.

आज क्लोरोफॉर्म ऑपरेशन थिएटरमधून गेलंय, तक्ता राहिलाय. दाब उतरला की मी आधी कारण शोधते: रक्त जातंय का, भूल जास्त झाली का, हृदय मंदावलंय का? त्यावर ठरतं की सलाइन वाढवायचं, भूल कमी करायची, रक्तवाहिन्या आवळणारं औषध द्यायचं की ठोके वाढवणारं अॅट्रोपिन. ठोके आणि दाब दोन्ही वाढले, तर भूल हलकी झाली का ते बघते.

हैदराबादचा श्वासाचा आग्रहही वाया गेला नाही. रुग्णाच्या प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आता स्क्रीनवर दिसतो. त्याच स्क्रीनवर ठोके असतात आणि निदान दर पाच मिनिटांनी रक्तदाब मोजला जातो. तुमच्या घरातलं कोणी ऑपरेशनला आत गेलं, की दाराआड कोणीतरी हे सगळं सतत बघत असतं.