शब्दवेध : घमेले

डहाणू रोड ते घोलवड या टापूत जीर्ण लाकडी स्लीपर हातांनी बदलताना गँगमनांच्या टोळीपाशी जी आयुधे असत, त्यांत पहार, फावडे आणि आपले इंग्रजी नाव न टाकलेला बीटर यांच्याहून, खडी वाहणाऱ्या घमेल्याची कुळकथा मला अधिक रंजक वाटते. लॅटिन ‘कामेल्ला’ म्हणजे प्याला. त्यापासून पोर्तुगीज ‘गामेला’, म्हणजे लाकूड कोरून केलेले पसरट पात्र. आणि ज्यांचा अंमल डहाणूवर १७३९ पर्यंत चालला त्या फिरंग्यांकडूनच आपले ‘घमेले’ आले. लाकूड गेले, लोखंड आले, नाव तेवढे टिकले.

दोन स्लीपरांमधली खडी उकरायची, पहारीने रूळ किंचित उचलून जुना स्लीपर बाजूने ओढायचा, नवा सरकवायचा, घमेल्यांनी खडी भरून ती बीटरने त्याच्या पोटाखाली ठासायची. आणि मुकादम, ज्याचा मूळ अरबी अर्थ ‘पुढे ठेवलेला’, तो मात्र मागे ओणवा होऊन रुळाची पातळी नजरेने जोखणार! तलासरीच्या बांधकामांवर घमेले आता प्लास्टिकचेही दिसते. स्लीपर काँक्रीटचा, पाव टनाहून जड झाला असून तो बहुधा यंत्रच उचलते.