गुरुजी कोठून आणायचे?

उंब्रज हे सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातले, पुणे-बंगळूर महामार्गावरचे मोठे गाव. तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक या गावात आहे. गावातून एक रस्ता पूर्वेला मसूरकडे जातो, दुसरा पश्चिमेला चाफळकडे, डोंगराच्या दिशेने. महामार्गावरच्या अशा कोणत्याही गावात शिक्षकांविषयीच्या दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. डोंगराकडच्या वाडीतले पालक म्हणतात, "चार वर्ग आणि गुरुजी एकच." आणि डी.एड. होऊन घरी बसलेला तरुण म्हणतो, "शिकवायला तयार आहे, पण नोकरीच नाही."

एकीकडे माणूस हवा आहे आणि दुसरीकडे माणूस रिकामा आहे. मग दोघांची गाठ का पडत नाही? हा प्रश्न आजचा वाटला तरी फार जुना आहे. त्यावर आजवर देशात आणि जगात जे उपाय झाले, त्यांतला एक महत्त्वाचा उपाय याच कराड तालुक्यात रुजला. त्याचा इतिहास पाहिला तर आजचे कोडेही थोडे उलगडते.

धूळपाटीचा प्रवास

शिक्षक थोडे आणि मुले फार, ही अडचण जुन्या गावठी शाळांनाही होती. पंतोजी एकटा असे. थोडी पुढे गेलेली मुले मागच्या मुलांना धूळपाटीवर अक्षरे गिरवायला शिकवीत. अँड्र्यू बेल हा इंग्रज कंपनीच्या लष्करातील अनाथ मुलांच्या मद्रास येथील शाळेचा प्रमुख होता. मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढतात हे त्याने तिथल्या एका देशी शाळेत पाहिले. आपल्या शाळेत त्याने तीच पद्धत सुरू केली, मोठ्या मुलांकडे लहानांना शिकवण्याचे काम दिले आणि १७९७ साली आपला अनुभव इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्यामुळे ही पद्धत तिकडच्या गरिबांच्या शाळांत पसरली. पण मुलाने मुलाला शिकवण्याला मर्यादा असतात. म्हणून १८४६ साली इंग्लंडने पुढचे पाऊल टाकले. तेरा वर्षांच्या हुशार मुलांना पाच वर्षे शाळेतच उमेदवारी करायला लावून त्यांतून शिक्षक घडवायचे, अशी ती योजना होती. मुद्दा सरळ होता: शिक्षक बाहेर मिळत नसेल तर तो शाळेतच तयार केला पाहिजे.

मुंबई इलाख्यात याहून लहान प्रमाणावर असाच प्रयत्न झाला होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत शिक्षक तयार करण्यात आले आणि १८२६ साली त्यांतले चोवीस जण जिल्ह्यांत पाठवले गेले. त्यांत १४ मराठी आणि १० गुजराती शाळांसाठी होते. एवढ्या मोठ्या मुलखासाठी चोवीस माणसे! इथूनच आपल्याकडच्या शिक्षकटंचाईचा लेखी इतिहास सुरू होतो असे म्हणायला हरकत नाही.

नांगर धरू शकणारा शिक्षक

पुण्यात १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा टंचाई आणखी तीव्र होती. मुलींना शिकवायला शिक्षिका आणायची कोठून? ती घरातच घडवावी लागली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई आधी घरी शिकल्या, मग त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि त्या वर्गावर उभ्या राहिल्या.

पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी शिक्षकांचा प्रश्न नेमकेपणाने मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत. शक्यतो ते शेतकरी वर्गातून घ्यावेत. गरज पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला त्यांना लाज वाटू नये आणि गावातल्या सामान्य माणसांत त्यांना मिसळता यावे. त्यांना महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा.

यात तीन गोष्टी एकत्र आहेत: शिक्षक कोठला असावा, तो कसा तयार व्हावा आणि त्याला काय मिळावे. पुढच्या काळात या तिन्हींतली एखादी गोष्ट सुटली की योजना लंगडी पडली, हे आपण पाहणारच आहोत.

आधी चांगल्या शाळा की आधी जास्त शाळा?

मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला. शाळा वाढू लागल्या, तशी त्यांच्या दर्जाविषयी ओरड होऊ लागली. सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीने १९२९ साली एक धक्कादायक हिशेब मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ पोहोचली होती. एकशिक्षकी शाळा आणि अप्रशिक्षित शिक्षक ही त्याची कारणे समितीने दाखवली आणि नव्या शाळा काढण्याऐवजी आहेत त्या सुधारण्यावर भर द्यावा असे सुचवले.

हे ऐकायला रास्त वाटते. पण ज्या वाडीत शाळाच नाही, तिने काय सुधारायचे? शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी याच बाजूने युक्तिवाद केला. साक्षरतेचे आकडे तपासून त्यांनी दाखवले की, दर्जाच्या नावाखाली विस्तार थांबवला तर बहुसंख्य मुले कायमची शाळेबाहेर राहतील. एक वर्ग दोन पाळ्यांत भरवून थोड्या शिक्षकांकडून अधिक मुलांना शिकवावे, असे उपाय त्यांनी पुढे केले. थोडे पण तयार शिक्षक, की पुष्कळ पण कच्चे शिक्षक, असा हा पेच होता. सातारा जिल्ह्यात त्यातून तिसरी वाट काढली गेली.

काले ते सातारा

भाऊराव पाटील हे काही काळ साताऱ्यात शिकवण्या करीत आणि 'पाटील मास्तर' म्हणून ओळखले जात. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले. नांगर विकणारा माणूस कचेरीत बसून चालत नाही, त्याला बांधावर जावे लागते. या भटकंतीत खेड्यांची स्थिती त्यांनी जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कराड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे मुख्य केंद्र साताऱ्यास आले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, कष्ट करीत आणि शिकत.

वसतिगृहामुळे खेड्यातला मुलगा शहरात येऊन शिकू लागला. पण खेड्यात शाळा नसेल तर वसतिगृहापर्यंत पोहोचणार कोण? शाळा काढायची तर शिक्षक हवा. तो शहरातून येत नाही, आला तर टिकत नाही. म्हणून १९३५ साली साताऱ्यात 'सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज' सुरू झाले. पंचम जॉर्ज यांच्या कारकिर्दीचे ते रौप्यमहोत्सवी वर्ष होते, त्यावरून हे नाव आले. पुढे ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. हे नामांतर अगदी योग्य होते, कारण १८८२ च्या मागणीतला 'शेतकऱ्यांतून घडलेला शिक्षक' येथेच तयार होत होता.

त्यानंतर संधी आली. मुंबईत १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये सरकारने 'व्हॉलंटरी शाळां'ची योजना आणली. ज्या गावात शाळा नाही तेथे खाजगी संस्थेने ती काढावी आणि सरकारने अनुदान द्यावे, अशी ती योजना होती. इमारतीसाठी थांबायचे नाही. देऊळ, चावडी, जी जागा मिळेल तेथे वर्ग भरवायचा. रयत संस्थेने अशा ५७८ शाळा चालवल्या. एका शाळेला एकच गुरुजी धरला तरी ५७८ माणसे लागतात. आधी शिक्षक घडवणारी संस्था उभी नसती, तर सरकारची योजना कागदावरच राहिली असती.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. १९४९ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग झाले आणि दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. आजच्या या दोन जिल्ह्यांत शाळेची परंपरा गावोगाव पोहोचली, तिच्यामागे हे काम आहे.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्हॉलंटरी शाळेच्या शिक्षकाची मिळकत तुटपुंजी आणि अनुदानावर अवलंबून होती. १९४८ साली संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद झाले, तेव्हा ही व्यवस्था किती नाजूक धाग्यावर उभी होती ते दिसले. फुल्यांच्या तीन मागण्यांपैकी दोन पुऱ्या झाल्या होत्या. तिसरी, म्हणजे पुरेशा पगाराची, शिक्षकाच्या पोटाला चिमटा घेऊन पुढे ढकलली गेली. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शाळांची जबाबदारी सरकारी व्यवस्थेने उचलली, तेव्हा कोठे नोकरीला स्थैर्य आले.

आल्याचा भाव आणि डी.एड.ची पदविका

आता आजच्या कोड्याकडे येऊ. शिक्षकाची 'गरज', शिक्षकाची 'जागा' आणि शिक्षक होऊ शकणारा 'माणूस' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुले वर्गात बसली की गरज निर्माण होते. शासनाने पद मंजूर करून पगाराची तरतूद केली की जागा निर्माण होते. माणूस मात्र घडावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

हा वेळ सगळा घोळ करतो. सातारा जिल्ह्यातल्या आले पिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. एका वर्षी आल्याला भाव मिळतो, म्हणून सगळे आले लावतात. ते निघेपर्यंत बाजारात ढीग पडतो आणि भाव कोसळतो. मग लागवड घटते आणि पुन्हा टंचाई येते. अर्थशास्त्रात या चक्राला 'कोळ्याच्या जाळ्या'चे नाव आहे, कारण त्याचा आलेख तसा दिसतो. शिक्षकांचे असेच होते. नोकऱ्या मिळतात असे दिसले की अध्यापक विद्यालयांचे पीक येते. विद्यार्थी दोन वर्षांनी बाहेर पडतात, तोवर जागा संपलेल्या असतात.

महाराष्ट्रात हे डोळ्यांदेखत घडले. राज्याने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. प्राथमिक शाळेसाठी सुरुवातीचे मानधन होते महिना ३,००० रुपये, तेही तीन वर्षे. तरीही पुढे कायम नोकरी मिळेल या आशेने तरुण डी.एड.कडे वळले आणि खाजगी विद्यालये भराभर निघाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ३ ते ५ तारखांना राज्यभर पटपडताळणी झाली. पटावरची कितीतरी मुले प्रत्यक्षात नसल्याचे उघड झाले. मे २०१२ मध्ये भरतीवर निर्बंध आले. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टल आले. गुणवत्तेनुसार पारदर्शक निवड व्हावी हा हेतू चांगला होता. पण भरतीच्या दोन फेऱ्यांमध्ये वर्षे जात राहिली आणि उमेदवारांचे वय वाढत राहिले. नोकरी नाही म्हणून पुढे डी.एड.चे प्रवेश घटले आणि अनेक विद्यालये बंद पडली. आल्याचेच चक्र.

दुसरी अडचण वाटपाची. शिक्षक नेमला तरी त्याला रस्त्याकडेची शाळा हवी असते. त्याचेही चुकत नाही. त्याला घर आहे, मुले आहेत. शासनाने २०१७ च्या बदली धोरणात शाळांचे 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' क्षेत्र असे भाग केले, ते याचसाठी. तरीही डोंगरातल्या शाळेला आपला माणूस मिळणे आणि तेथे कोणाची तरी बदली होणे, यांत फरक राहतोच. १९३५ च्या प्रयोगाचे बळ नेमके येथे होते. शिक्षक त्याच मातीतला होता, त्याला तेथे राहण्याची सक्ती करावी लागत नव्हती.

पटावरचे गणित

पाऊस किती पडेल हे सांगणे अवघड आहे. शिक्षक किती लागतील हे सांगणे तसे नाही. आज गावात जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत येणार. जिल्हा परिषदेचा शिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होणार, ती तारीख त्याच्या सेवापुस्तकातच लिहिलेली आहे. प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिले आहे. म्हणजे गणिताच्या तिन्ही संख्या हाताशी आहेत. हे गणित वेळेवर केले आणि त्याप्रमाणे पदे भरली, तर टंचाई आणि बेकारी दोन्ही बऱ्याच कमी होतील.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून हे करवून घेता येईल. शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे गावाच्या शिक्षणाचा पहिल्या प्रतीचा पुरावा. त्यावरून दर दहा वर्षांनी पहिलीत किती मुले आली, त्यांतली किती चौथीपर्यंत टिकली, हे मोजावे आणि हार्टॉग समितीच्या १८ या आकड्याशी ताडून पाहावे. जुन्या मस्टरवरून आणि गावातल्या वयस्कर माणसांना विचारून, त्या काळात किती शिक्षक होते आणि ते कोठून येत, हे लिहून काढावे. मग अंगणवाडीतल्या मुलांची संख्या घेऊन पुढच्या पाच वर्षांचा पट मांडावा आणि किती शिक्षक लागतील ते काढावे. उत्तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवावे. पद मंजूर करणे मुलांच्या हाती नाही, पण गरज आकड्यांत मांडलेली असली की ती नाकारणे कठीण जाते.