गोल्फमधील ‘आयर्न’चा इतिहास आणि होतकरू हौशी खेळाडूची निवड : खराडी-येरवडा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

मुळा-मुठेच्या काठी, नगर रस्त्यालगत वसलेले खराडी हे शेतीप्रधान गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पुढील काळात तेथे माहिती तंत्रज्ञान उद्योगाची संकुले उभी राहिली आणि नोकरदार मध्यमवर्गाची मोठी वसाहत झाली. येथून काही किलोमीटरवर, येरवड्यात, पूना क्लबचे गोल्फ मैदान आहे. ब्रिटिश लष्करी छावणीच्या काळात पुण्यात रुजलेला हा खेळ आज या नव्या वर्गाच्या आवाक्यात येऊ पाहत आहे. मात्र खेळ शिकू लागलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. परवडणारी आणि चूक सांभाळून घेणारी आयर्न कोणती? वरकरणी हा प्रश्न बाजारहाटाचा वाटतो. वस्तुतः त्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

उद्दिष्टे :

१) आयर्नच्या घडणीत झालेल्या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या बदलांचा सामान्य खेळाडूशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) त्याआधारे निवडीचे निकष मांडणे.

लोहाराच्या भट्टीतील आयर्न :

पिसे भरलेल्या चामडी चेंडूच्या काळात लोखंडी पात्याची काठी क्वचितच वापरली जाई, कारण तिच्या घावाने महागडा चेंडू फाटत असे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा टणक आणि स्वस्त चेंडू आला आणि लोखंडी पात्याला खऱ्या अर्थाने मैदान मिळाले. चेंडू स्वस्त झाल्याने खेळही काहीसा खालच्या थरांत पोहोचला. साधन बदलले की खेळणारा वर्ग बदलतो, हे सूत्र येथे प्रथम दिसून येते.

ही पाती लोहार ऐरणीवर घडवीत. दांडे हिकरी लाकडाचे असत आणि प्रत्येकाची लवचीकता निराळी असे. त्यामुळे एकसारखा संच जमविणे ही चैनच होती. ब्रिटनमधील नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्यास मान्यता दिली आणि कारखान्यात एकसारखे, क्रमांक घातलेले संच तयार होऊ लागले. काठ्यांची संख्या वाढत गेल्याने अमेरिकेत १९३८ व ब्रिटनमध्ये १९३९ पासून चौदाची मर्यादा आली. तरीही पाते पूर्वीसारखेच पातळ व सपाट राहिले. चेंडू मध्यबिंदूपासून जरा बाजूला लागला, तरी पाते हातात वळे, अंतर घटे आणि दिशा चुके. रोज सराव करणाऱ्यालाच हे हत्यार वश होई.

एका हौशी खेळाडूने केलेला बदल :

या परिस्थितीत बदल घडविला तो कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन अभियंत्याने. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या या गृहस्थाने वयाच्या चाळिशीनंतर गोल्फ हाती घेतला. स्वतःच्या चुकांनी त्रस्त होऊन त्याने १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये ‘पिंग’ पटर बनविला. पात्याच्या मध्यभागातील धातू काढून तो कडेला वाटला, तर पात्याचे जडत्व-आघूर्ण वाढते आणि चुकीच्या जागी बसलेल्या फटक्यातही पाते कमी वळते, हे त्याचे तत्त्व होते. हेच तत्त्व त्याने पुढे आयर्नला लावले. १९८२ च्या ‘पिंग आय-२’ संचाने ते जगभर लोकप्रिय केले.

पाठीमागे पोकळी असलेला असा आकार ऐरणीवर घडविणे कठीण. त्यासाठी मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम करणे सोयीचे ठरले. ही पद्धत भारतास नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतण्याची कृती आलेली आहे. ओतकामामुळे एकसारखी पाती मोठ्या संख्येने निघू लागली आणि चूक सांभाळणारे आयर्न सामान्य खेळाडूपर्यंत पोहोचले.

भारतीय संदर्भ :

भारतात गोल्फ कलकत्त्यात १८२९ मध्ये व मुंबईत १८४२ मध्ये क्लबरूपाने आला. परंतु त्याचा दरवाजा प्रामुख्याने युरोपियनांसाठीच उघडा होता. भारतीय मनुष्य मैदानात शिरला तो बहुधा कॅडी म्हणून, दुसऱ्याचे संच खांद्यावर घेऊन. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर निर्बंध होते. ते टप्प्याटप्प्याने शिथिल होऊन उर्वरित संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले. त्यानंतरच्या काळात परदेशी संच दुकानात उघडपणे मिळणे सुलभ झाले.

निवडीचे निकष :

या इतिहासावरून होतकरू खेळाडूसाठी पुढील निकष निघतात. पोकळ पाठीचे, रुंद तळाचे आणि गुरुत्वमध्य खाली असलेले ओतीव आयर्न त्यास हितावह होय. पात्याची कड दांड्याच्या किंचित मागे असल्यास फटक्याच्या क्षणी पाते सरळ होण्यास अवधी मिळतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळण्याची खोड कमी होते. पावसाळ्यात मऊ झालेल्या जमिनीत रुंद तळ रुतत नाही; उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीवर मात्र अतिरुंद तळ उसळी घेतो. म्हणून पुण्यात मध्यम रुंदी श्रेयस्कर ठरते.

क्रमांकावर विसंबणे हा मोठा धोका आहे. पूर्वी सात क्रमांकाच्या आयर्नचा कोन सुमारे ३६ अंश असे. आज तो अनेक संचांत २८ ते ३० अंशांपर्यंत उतरला आहे. चेंडू लांब जातो तो काही अंशी यामुळेच. तेव्हा संचांची तुलना कोनावरून करावी.

दांडा हातच्या वेगानुसार निवडावा. पोकळ पाठीच्या आयर्नचे मूळ तत्त्व चार दशकांहून अधिक काळ टिकून असल्याने काही वर्षांपूर्वीचा वापरलेला संच घेण्यात कमीपणा नाही. मात्र खाचांची झीज, दांड्यावरील गंज आणि सर्व पाती एकाच मालिकेतील आहेत काय, हे पाहावे. जुनी मूठ अल्प खर्चात बदलता येते.

असे आयर्न दोष झाकते व शिकणे खुंटते, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे, कारण हाताला मिळणारी चुकीची जाणीव त्यात बोथट होते. परंतु प्रत्येक फटका वाया गेल्यास नवखा मनुष्य शिकण्यापूर्वीच खेळ सोडतो, हेही विसरता येत नाही.

निष्कर्ष :

आयर्नचा इतिहास हा चूक करणाऱ्याला खेळात सामावून घेण्याचा इतिहास आहे. स्वस्त चेंडू, पोलादी दांडा आणि ओतीव पाते यांनी खेळाचे वर्तुळ क्रमशः रुंदावले. आज खराडीतील नोकरदारास माफक किमतीत योग्य संच मिळू शकतो. मात्र संच खांद्यावर वाहणाऱ्या कॅडीला तोच संच स्वतःच्या नावावर मैदानात नेता येईल काय, हा प्रश्न साधनाचा नसून प्रवेशाचा आहे. काठीने चूक माफ करण्याची कला साधली; मैदानाने दार उघडण्याची कला साधणे अद्याप बाकी आहे.