एका पुस्तकाची फलश्रुती

२४ जून १८५९ रोजी इटलीतील सोल्फेरिनो येथे घनघोर संग्राम झाला. हजारो घायाळ सैनिक पाण्यावाचून तळमळत पडले. कामानिमित्त तेथे आलेला जिनीव्हाचा व्यापारी आंरी द्युनाँ याने गावातील स्त्रियांच्या साह्याने, शत्रुमित्र असा भेद न करता, त्यांची शुश्रूषा केली. ही हकीकत त्याने १८६२ साली स्वखर्चाने छापली.

ते पुस्तक गुस्ताव्ह म्वानिये या वकिलाने वाचले. आणि तो केवळ हळहळून स्वस्थ बसला नाही. १८६३ साली पाच जणांची समिती स्थापन झाली. हीच रेडक्रॉसची गंगोत्री होय. पुढल्याच वर्षी बारा राष्ट्रांनी जिनीव्हा करारावर सह्या केल्या.

द्युनाँचे मात्र दिवाळे निघाले, समितीतील स्थानही गेले. १९०१ साली नोबेल पारितोषिकाने त्याची आठवण जगाला झाली, तेव्हा त्याच्या पुस्तकाने असंख्य जखमींना केव्हाच आसरा दिला होता.