कठडा आणि परवाना

बायबलच्या जुन्या करारात मोशेच्या नियमशास्त्रामध्ये एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा. नाहीतर वरून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. आपल्या हयगयीने दुसऱ्याचा जीव गेला तर तो दोष आपला, हे तत्त्व इतके प्राचीन आहे. यंत्रयुगात मात्र त्याचा कायदा होण्यासाठी हजारो प्राण खर्ची पडले.

अमेरिकेतील अनेक राज्यांत आज घरे तापविणारी वा गार करणारी यंत्रे बसविणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागतो. शिवाय प्रत्येक मोठ्या कामासाठी स्थानिक बांधकाम खात्याचे वेगळे परवानगीपत्र बहुधा घ्यावे लागते. परवान्यातला प्रश्न असतो, ‘तुला हे काम येते काय?’ परवानगीपत्रातला असतो, ‘हे काम नीट झाले काय?’ हे दोन्ही प्रश्न वाफेच्या बॉयलरपाशीही विचारले गेले.

१८३८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने आगबोटींच्या बॉयलरांची तपासणी सक्तीची केली. तरी स्फोट थांबेनात. तेव्हा १८५२ च्या कायद्याने तपासनिसांची व्यवस्था बळकट केली आणि उतारूंच्या आगबोटींवरील इंजिनियर व सुकाणूदार यांना परवाना आवश्यक ठरविला. पण कायदा कागदावर असून भागत नाही. २७ एप्रिल १८६५ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ‘सुलताना’ ही आगबोट मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीत बॉयलर फुटून जळाली. ३७६ माणसांच्या त्या बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. त्यांतील बहुतेक यादवी युद्धातील बंदिवासातून सुटून घरी निघालेले सैनिक होते. भाडे माणशी मिळत होते, आणि गळक्या बॉयलरला काही दिवसांपूर्वीच घाईने ठिगळ लावले होते. अकराशेंहून अधिक लोक प्राणास मुकले.

हे कायदेही होते केवळ आगबोटींपुरते. जमिनीवरच्या कारखान्यांचा प्रश्न राज्यांवर सोपविलेला होता. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन गावी, ग्रोव्हर यांच्या जोड्यांच्या कारखान्यात, नवा बॉयलर बंद असल्यामुळे जुना पेटविला होता. तो फुटला आणि छप्पर फोडून उडाला. चार मजली लाकडी इमारत कोसळून पेटली व ५८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी बॉयलरचे पत्रे एकावर एक चढवून रिव्हेटने जोडीत. अशा सांध्याच्या आत पडलेली चीर बाहेरून दिसत नसे. म्हणून बॉयलर कसा बांधावा, याचेच नियम हवे होते. १९०७ साली मॅसॅच्युसेट्सने ते केले. पुढे अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने १९१५ मध्ये आपली नियमावली प्रसिद्ध केली, आणि १९२३ साली घरे तापविणाऱ्या बॉयलरांसाठी तीत स्वतंत्र विभाग घातला.

आपल्याकडेही हीच कथा घडली. कलकत्त्यात १८६३ साली मोठा स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा १८६४ मध्ये बंगालात तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी एकच कायदा व्हावयास १९२३ साल उजाडले. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे.

गारवा देणाऱ्या यंत्रांतील वायूंनी पृथ्वीभोवतीचे ओझोनचे आवरण विरते, हे कळल्यावर १९९४ पासून अमेरिकेत तो वायू हाताळणाऱ्या कारागिरालाही परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणे भाग पडले. कठड्याची मर्यादा अशी आकाशापर्यंत गेली.

परवाना म्हणजे सरकारी कटकट, दोन पैसे दिले की सुटते, असे आपण सहज बोलून जातो. ‘सुलताना’वर माणसे चढविणाऱ्यांनीही नियम असाच हलका मानला होता. परवान्याच्या प्रत्येक कलमामागे कोणाच्या तरी घरचा आकांत आहे, एवढे ध्यानात ठेवले तर यंत्र बसवून घेताना कारागिराचा परवाना पाहण्याचा संकोच आपल्याला वाटणार नाही. आणि खरा कारागीर तो दाखविताना रागावणारही नाही.