म्युनिकच्या कारकुनाचे टेबल

संगणकावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस उभा राहावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. पुस्तके मागाहून, जमतील तशी वाचली. पण ज्या यंत्रापुढे माणसाने दिवसाचे आठ तास बसावयाचे, त्या यंत्रावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न आमच्या चांगला ओळखीचा आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. पडदा, छपाईयंत्र, कागदपत्रांची कपाटे, सारे त्याच्या ताब्यात. बहुतेक ठिकाणी हा कारभारी एखाद्या कंपनीचा असतो आणि त्याची वही आपणांस उघडून पाहता येत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राची खोड दुरुस्त करावयाची होती. त्यासाठी लागणारा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो त्यांना मिळाला नाही. फिटरला त्याच्याच मशीनचे झाकण उघडू देऊ नये, तसा हा प्रकार. १९८३ साली त्यांनी कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिला हवा असलेला गाभा लिहिला. या दोहोंच्या मिलाफाला लोक लिनक्स म्हणतात. दोन वर्षांनी डेबियन आले, २००४ मध्ये उबुंटू; आणि घरच्या टेबलावर ते बसविणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

परंतु एकट्याने आपल्या घरी निवड करणे निराळे आणि हजारो नोकरांच्या कचेरीने करणे निराळे. येथे जर्मनीतील म्युनिक शहराची हकीकत सांगितली पाहिजे.

म्युनिक महापालिकेकडे सुमारे १४ हजार संगणक होते. त्यांवरील विंडोजच्या जुन्या आवृत्तीची देखभाल बंद होणार, असे कळले. नवी आवृत्ती विकत घ्यावी की वाट बदलावी? मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्तियान ऊडे यांच्या भेटीस आले. तरीही मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. प्रत्यक्ष संगणक बदलू लागले ते २००६ मध्ये. मध्ये तीन वर्षे गेली, यावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. आम्हांला ती पटत नाही. कालावधी न देता लादलेली सुधारणा आम्ही फार पाहिली आहे.

खरी अडचण निघाली ती कारकुनाच्या टेबलावर. प्रत्येक खात्याचा संगणक-विभाग वेगळा, रीत वेगळी. परवाने, दाखले, नोटिसा यांचे हजारो नमुने वर्षानुवर्षांत साचलेले, आणि ते जुन्या लेखनप्रणालीत पक्के जखडलेले. नमुना उघडला की ओळी सरकत, चौकटी मोडत. कारकुनाला स्वातंत्र्याचे तत्त्व ठाऊक असो वा नसो, खिडकीबाहेर माणूस दाखल्यासाठी ताटकळत उभा आहे एवढे त्याला दिसते. महापालिकेच्या तंत्रज्ञांनी या नमुन्यांसाठी 'वोलमक्स' नावाचे साधन स्वतः लिहिले आणि २००८ मध्ये तेही सर्वांसाठी खुले केले. या साऱ्या उद्योगातला आमच्या मते हाच सर्वांत मोलाचा भाग. वर्तमानपत्रांत त्याला जागा थोडी मिळाली.

२०१२ मध्ये महापालिकेने एक कोटी युरोंहून अधिक बचतीचा हिशेब मांडला. मायक्रोसॉफ्टने करविलेल्या अभ्यासाने तो खोडून काढू पाहिला. हिशेबाच्या या भांडणात आम्ही पडत नाही. कराराच्या वाटाघाटीत बसलेल्या माणसाला ठाऊक असते की आकडे मांडणाऱ्याच्या बाजूने बोलतात. २०१३ अखेर काम पुरे झाले. २०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले. सल्लागारांचा अहवाल मागविण्यात आला; त्याने मुख्य दोष कारभाराच्या रचनेत आहे असे सांगितले. आणि तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला! रचनेचा दोष, आणि शिक्षा झाली प्रणालीला. २०२० मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने पुन्हा शक्य तेथे मुक्त प्रणालींना पसंती देण्याचे ठरविले. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांसाठी तोच मार्ग जाहीर केला.

हे दूरदेशीचे झाले. आमच्या संघटनेच्या कचेरीतही दोन जुने संगणक नव्या आवृत्तीच्या अटींत बसेनात, तेव्हा आम्ही त्यांवर लिनक्स मिंट बसविले. एका दुपारचे काम. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहिले, छपाईयंत्र जोडले, ते चालले. आम्ही खुशीत होतो. इतक्यात टंकलेखन करणाऱ्या बाईंनी जुने हस्तपत्रक उघडले आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा कचरा उमटला. ती पत्रके युनिकोडपूर्वीच्या फाँटात होती: आत अक्षरे इंग्रजी, वर मराठीचा मुखवटा. तो फाँट जुन्या यंत्रावरच राहिला होता. "भाऊ, तुमचं यंत्र मोकळं झालं," बाई म्हणाल्या, "पण माझी वीस वर्षांची बोटं अडकली त्याचं काय?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. म्युनिकची सारी कथा वाचून झाली होती, तरी बाईंना आधी विचारावे हे आम्हांला सुचले नव्हते. पुढे त्या इनस्क्रिप्ट शिकल्या, स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. पहिले काही आठवडे पत्रे उशिरा निघाली आणि त्याबद्दल आम्ही त्यांना शब्दाने बोललो नाही. जुनी पत्रके एकेक करून त्या नव्याने उतरवीत आहेत. बोनसच्या जुन्या कराराची फाईल तेवढी बाकी आहे. तिच्यासाठी एक जुने यंत्र, नेटची वायर काढून, कोपऱ्यात ठेवले आहे.