खरा पत्ता कुणाला विचारायचा?

ब्राउझरला वाटतं आपण थेट सर्व्हरशीच बोलतोय. पण मध्येच तिसऱ्याने फोन उचलला आणि सर्व्हरच्या नावाने बोलायला लागला तर? ट्रान्सपरंट प्रॉक्सीचा उद्योग हाच!

सॉकेट आले १९८३ साली, बर्कलीच्या ४.२बीएसडीमध्ये. 'कनेक्ट'ला पत्ता द्यायचा, जोडणी झाली की पलीकडे तोच आहे असं धरून चालायचं. सगळा मामला विश्वासाचा.

१९९४ मध्ये सर्नच्या वेब सर्व्हरला प्रॉक्सीची सोय होती, १९९६ मध्ये स्क्विड आला. तेच चित्र पुन्हा पुन्हा सातासमुद्रापलीकडून कशाला आणायचं, हा साधा हिशोब. पण प्रत्येक ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरावा लागायचा, आणि हजारो ग्राहकांकडून सेटिंग करून घेणार कोण? मग युक्ती निघाली: पोर्ट ८० ची पॅकेट्स वाटेतच अडवायची आणि गुपचूप स्क्विडकडे वळवायची.

इथे खरी गंमत आहे. पॅकेट वळवलं, पण पाहुणा मुळात कुणाकडे निघाला होता हे प्रॉक्सीला कसं कळणार? लिनक्स २.२ मध्ये 'गेटसॉकनेम' विचारलं की मूळ पत्ता मिळायचा. जानेवारी २००१ मध्ये २.४ आलं, सोबत रस्टी रसेलचं नेटफिल्टर. आता पॅकेटवरचा पत्ताच खोडून नवा लिहिला जायचा, त्यामुळे 'गेटसॉकनेम' प्रॉक्सीचाच पत्ता सांगायला लागलं. जुना पत्ता मात्र कर्नलच्या कनेक्शन ट्रॅकिंगच्या वहीत नोंदलेला असतो. तो मागायला 'गेटसॉकऑप्ट'ला नवा पर्याय मिळाला, 'एसओ_ओरिजिनल_डीएसटी'. त्याचा क्रमांक? चक्क ८०! पत्ता मिळाला की दुसरा सॉकेट उघडायचा आणि इकडचे बाइट्स तिकडे ओतत बसायचं. पुढे डिसेंबर २००८ मध्ये, २.६.२८ पासून, टीप्रॉक्सीमुळे पत्ता खोडायचीही गरज उरली नाही.

मग एचटीटीपीएस सगळीकडे पसरलं आणि मधल्या माणसाला पाकीट दिसतं, पत्र वाचता येत नाही अशी अवस्था झाली. युक्ती मात्र मेली नाही. २०१७ मध्ये आलेल्या इस्टिओने कुबरनेटिसच्या पॉडमधलं ट्रॅफिक आयपीटेबल्सने एन्व्हॉयकडे वळवलं, आणि एन्व्हॉयही मूळ पत्ता त्याच पर्यायाने विचारतो.

थोडक्यात काय, पलीकडे नक्की कोण आहे हे सॉकेटला कधीच माहीत नव्हतं. ती ओळख सर्टिफिकेट पटवतं. म्हणून सर्टिफिकेटची वॉर्निंग आली की 'प्रोसीड' दाबायच्या आधी दोन सेकंद थांबा. मध्ये कुणीतरी फोन उचललेला असू शकतो...